बारा लाद्यांची वाट

यादीत लिहिलं होतं : वाट सोपी, नवशिक्यांना जमेल अशी.
खाली लोकरी मोजे चार, थर्मल दोन जोड,
घोट्याच्या वर येणारे बूट.
आणि तळाशी, बारीक अक्षरात :
बर्फावर चालायची सवय असल्यास उत्तम.

सवय!
मला सवय मे महिन्याच्या डांबराची,
ज्यात चप्पल रुतते नि आपण एक पाऊल पुढे निघून जातो.
कूलरच्या ओल्या वाळ्याची, खिशातल्या कांद्याची.
बर्फ म्हणजे आमच्याकडे उन्हाळ्यातली वस्तू.

तरी डिसेंबरभर पहाटे साडेपाचला
सेमिनरी हिल्स चढतेय,
सॅकमध्ये सात किलो तुरीची डाळ.
खाली फुटाळ्यावर धुकं, धुक्यात कुणाचा तरी खोकला.
वळणावरचे चौकीदार वासनिक रोज विचारतात,
"काहून बाई, आजही डाळ नाही खपली?"

बाबा अठ्ठावीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात होते, कामठी रोडला.
मेच्या दुपारी आमच्या घरात थंड अशी एकच गोष्ट यायची :
त्यांचे तळहात.
आम्ही चौघं भावंडं गाल पुढे करून
रांगेत उभी राहायचो.
डोंगरावर बर्फ आपोआप पडतो,
साचे भरावे लागत नाहीत, असं मी शाळेतून येऊन सांगितलं
तेव्हा ते बराच वेळ गप्प होते.
मग म्हणाले, "आन मीठ? मीठ कोण टाकते?"

काल रविवारी तिथंच गेले, नवे बूट घालून.
इद्रिसचाचा अजून मशीनवर आहेत,
कानाला मफलर, अंगाला अमोनियाचा वास.
हिवाळ्यात गिऱ्हाईक दोनच, मासळीवाले आणि लग्नातले केटरर,
त्यामुळे वेळच वेळ.
माझं ऐकून घेतलं, हसले नाहीत.
तरटं काढली, भुसा झटकला,
आणि अंगणात एकीला एक लावून
बारा लाद्या आडव्या टाकल्या.
"चल," म्हणाले, "हा तुझा डोंगर."

पहिल्या लादीवर टाच टेकली आणि टाच निघून गेली.
"टाच नाही. आख्खा पाय ठेव.
गुडघा कडक करू नको, तो काय खांब आहे?"
तिसरीवर पडले. मागून सात किलो डाळ
अंगावर आली, सासूसारखी.
उठले. छोटी पावलं. आणखी छोटी.
"तुझा बाप असाच चालायचा," चाचा म्हणाले,
"आम्ही त्याला बदक म्हणायचो."

हे मला माहीत नव्हतं.

सातव्या लादीवर थांबून खाली पाहिलं.
काचेसारखी लादी, पण पोटात मधोमध
पांढरी रेघ, दुधाची धार गोठावी तशी.
पाणी चहूबाजूंनी गोठत आत येतं,
हवा मागे सरत सरत शेवटी तिथं कोंडते.
डोंगरावरचं हिमही म्हणे हवेमुळेच पांढरं.
म्हणजे बाबांच्या प्रत्येक लादीत
एवढं बोटभर हिम होतंच.
त्यांना हे सांगायला पाहिजे होतं.
किंवा नको. त्यांनी पुन्हा मिठाचं विचारलं असतं.

बारावी संपली. पुढे कोरडी फरशी, रिकामा टेम्पो,
टेम्पोच्या टपावर ऊन.
चाचांनी चहा पाजला, पैसे घेतले नाहीत,
लाद्या परत तरटाखाली गेल्या, जराशा झिजून.

गाडी गुरुवारी रात्रीची आहे.
सॅकमधून डाळ काढायची, संत्री भरायची,
यादीत नाहीत तरी.
बुटांच्या खाचांत भुसा अडकलाय, तो राहू दिलाय.

पण पाय काही ऐकेनात.
कोरड्या रस्त्यावरही सपाट, जपून, बदकाचे.
सदरच्या सिग्नलला सायकलवरचा एक पोरगा थांबला,
"काकू, पाय मोडला का?"

"नाही रे," म्हटलं,
"चालणं शिकून राह्यली."